बेलफास्टच्या बॅनरला पुरस्कार, आणि आपल्या जलशाला काय?

१ डिसेंबर २०२१ रोजी इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात टर्नर पुरस्कार जाहीर झाला. ब्रिटनच्या कलाविश्वातला हा सर्वांत गाजणारा पुरस्कार. तो मिळाला उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या 'अ‍ॅरे कलेक्टिव्ह' या अकरा कलावंतांच्या गटाला. त्या वर्षी अंतिम यादीत आलेले पाचही स्पर्धक कलावंतांचे गटच होते. एकट्याच्या नावावर उभा असलेला कलावंत त्यात एकही नव्हता.

रत्नागिरीच्या बौद्धवाडीतील तरुणाचा या बातमीशी काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध आहे आणि जवळचा आहे. या अकरा जणांनी जे केले, ते आपल्या आज्या-पणज्यांनी नव्वद वर्षांपूर्वी केले होते. त्यांचे काम बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये पोहोचले. आपले काम आपणच विसरलो.

आधी त्यांनी केले काय ते पाहू. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तर भागात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी दरी एवढी खोल की बेलफास्टमध्ये दोन वस्त्यांच्या मध्ये आजही भिंती उभ्या आहेत. गावकुसाचा अनुभव असलेल्यांना ही भिंत समजावून सांगायला नको. या शहरात गर्भपाताचा हक्क, समलिंगी विवाहाचा हक्क, आयरिश भाषेचा हक्क यासाठी मोर्चे निघाले. अ‍ॅरेचे कलावंत त्या मोर्चांत चालत होते. कापडावर बॅनर रंगवत होते, सोंगे घेत होते, सत्तेची आणि धर्ममार्तंडांची टिंगल करत होते. गर्भपात २०१९ मध्ये गुन्हा राहिला नाही, समलिंगी विवाह २०२० मध्ये कायदेशीर झाला. हे यश मोर्चातल्या हजारोंचे. पण त्या मोर्चांना रंग आणि हसू देण्यात या गटाचाही हात होता.

फाळणीला शंभर वर्षे झाली तेव्हा सरकारी सोहळ्यांच्या धामधुमीत या गटाने फाळणीचा 'वेक' भरवला. वेक म्हणजे मयताच्या घरी रात्र जागवण्याची आयरिश रीत. त्याचे चित्रण घेऊन ते कॉव्हेंट्रीच्या कलादालनात गेले आणि तिथे त्यांनी चक्क एक 'शिबीन' उभारला. शिबीन म्हणजे विनापरवाना गुत्ता. डोक्यावर छत होते मोर्चातल्या बॅनरसारख्या कापडाचे. (गुत्त्याचे कौतुक आपल्याला करायचे नाही. आपल्या जलशांनी दारूवर किती कोरडे ओढले ते ठाऊक आहे.)

आता मुद्द्याचे. बॅनर हा त्या शहरात मुळात कोणाचा? सरंजामी थाटाने १२ जुलैला मिरवणूक काढणाऱ्या ऑरेंज ऑर्डरवाल्यांच्या हातात तो पिढ्यान् पिढ्या आहे. वर्चस्व मिरवण्याचे ते साधन. या कलावंतांनी तोच प्रकार उचलला आणि त्यावर स्वतःचे म्हणणे रंगवले. रूप जुने, आशय उलटा.

हेच आंबेडकरी जलशाने केले. तमाशात गण, गवळण, वग ही रचना ठरलेली. आपल्याच समाजातल्या कलावंतांच्या घामावर तो फड चाले आणि आपल्याच बायाबापड्यांची त्यात विटंबना होई. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देऊ केलेली देणगी बाबासाहेबांनी नाकारली, ही हकीकत चळवळीत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. स्त्रियांना नाचवून आलेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. पण चळवळीने त्या कलेकडे नुसती पाठ फिरवली नाही. सत्यशोधक जलशांनी वाट दाखवली होती. त्याच वाटेने भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३० च्या दशकात नाशिककडून जलसे उभे केले. गण राहिला, पण देवाची आळवणी गेली. गवळण राहिली, पण तिच्यातली छेडछाड जाऊन प्रश्न आले. वगात राजाराणीच्या जागी महारवतन, मेलेली गुरे ओढण्याची सक्ती, शिक्षण, सावकार आला. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत 'जनता' पत्रातला विचार या मंडळींनी पोहोचवला. पुढे कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले, म्हणून निदान एवढे तरी आपल्या हाती आहे.

जगाच्या भाषेत याला 'आर्टिस्ट्स कलेक्टिव्ह' म्हणतात. मराठी रंगभूमीचा इतिहास मात्र १८४३ च्या 'सीता स्वयंवरा'पासून मोजला जातो, १८५५ च्या जोतीरावांच्या 'तृतीय रत्ना'ला नाइलाजाने जागा मिळते आणि जलशाला 'प्रचार' म्हणून बाजूला सारले जाते. सीता स्वयंवर हा कोणाचाच प्रचार नव्हता काय?

प्रस्थापितांनी आपली दखल घेतली नाही, ही तक्रार खरी आहे. पण लेख तिथे संपवला तर तो आपल्याच सोयीचा होईल. आपण काय केले, हेही विचारले पाहिजे.

गेल्या जयंतीचा फ्लेक्स आठवा. वरच्या कोपऱ्यात बाबासाहेब, खाली 'शुभेच्छुक' म्हणून तीस-चाळीस चेहरे. काही ठिकाणी तर बाबासाहेबांपेक्षा स्थानिक नेत्याचा फोटो मोठा. बेलफास्टच्या बॅनरवर रंगवणाऱ्याचा चेहरा नसतो, मागणी असते. आपल्या फ्लेक्सवर मागणी नसते, चेहरे असतात. सामूहिक कला आणि सामूहिक जाहिरात यातला फरक एवढ्यावरून कळतो. फ्लेक्सनंतर डीजे. वाडीतल्या मजुरांची, मुंबईत राबणाऱ्या चाकरमान्यांची वर्गणी एका रात्रीत भिंती हादरवून जाते. जलशाने तमाशा घेतला आणि त्याला बदलले. आपण डीजे घेतला आणि त्याने आपल्याला बदलले.

यावर तरुण मित्र म्हणतील, ज्या रस्त्यावरून आमच्या आजोबांना चालू दिले नाही, त्या रस्त्यावर दणक्यात नाचणे हाच आमचा विद्रोह आहे. हे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. भरबाजारातून भीमजयंतीची मिरवणूक नेण्यासाठी अनेक गावांत लोकांनी मार खाल्ला आहे. आनंद हाही हक्क आहे. अ‍ॅरेवालेही नाचगाणी करतात, मोर्चात धमाल करतात. पण त्यांची धमाल त्यांनी स्वतः रचलेली असते. आपली मात्र भाड्याने आणलेली. गणपतीला वाजलेला तोच डीजे, तेच ठेके, फक्त शब्द बदललेले. रस्ता आपण जिंकला, पण त्या रस्त्यावर सांगायचे काय, ते ठरवायचे राहून गेले.

आणि जे ठरवतात त्यांचे काय होते, तेही लक्षात ठेवू. गुजरात दंगलीनंतर २००२ मध्ये पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. डफावर जातीअंताची गाणी गाणाऱ्या या मंचातल्या तिघांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली आणि खटला सुनावणीला येण्याआधीच त्यांची वर्षे तुरुंगात गेली. तिकडे मोर्चातल्या कलावंतांना पुरस्कार, इकडे तुरुंग. शाहिरी निरुपद्रवी असती, तर सत्तेने एवढी भीती बाळगली असती का?

जग आपल्या कलेला ओळखत नाही, असेही नाही. शाहिराचा नातू असलेला मुंबईचा अमोल पाटील २०२२ मध्ये जर्मनीतल्या 'डॉक्युमेंटा' या जगप्रसिद्ध प्रदर्शनात चाळ, सफाई कामगार आणि शाहिरीचा वारसा घेऊन पोहोचला. पण कासेलला पोहोचलेली शाहिरी आपल्या वाडीत ऐकू येणार नसेल, तर ती फक्त दालनातली वस्तू उरेल.

रत्नागिरी जिल्ह्यात हे काम सुरू करणे अवघड नाही. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. सावर्डे आणि देवरूखला कला महाविद्यालये आहेत, तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी जयंतीचा बॅनर कापडावर हाताने रंगवावा. आपल्या गायन पार्ट्यांत बुद्ध-भीमगीतांचे जंगी सामने अजून रंगतात. त्या सवाल-जवाबात आजचे प्रश्न यावेत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, तो वग अजून कोणी उभा केलेला मी पाहिलेला नाही. सातबाऱ्यावर नाव नसलेली कुळे आजही आहेत, म्हणजे वगाचा शेवट अजून लिहायचाच आहे. जुन्या शाहिरांच्या गाण्यांच्या वह्या माळ्यावर वाळवीच्या तोंडी आहेत. गाव शाखा आणि मुंबई शाखा मिळून त्यांचे फोटो काढा, म्हाताऱ्यांचे आवाज मोबाइलवर नोंदवा, नावे लिहून ठेवा. आणि जलशात या वेळी स्त्रीची भूमिका पुरुषाने करू नये. आपल्या मुली मंचावर, आणि लेखणी त्यांच्या हातात.

येत्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीचा हिशेब मांडला जाईल, तेव्हा डीजेच्या रकमेतली निम्मी रक्कम जलशासाठी बाजूला काढण्याचा ठराव मांडा. विरोध होईल. होऊ द्या, त्यावर चर्चा होऊ द्या. पुरस्कार कोण देईल याची वाट पाहू नका. कर्डकांनीही पाहिली नव्हती.

जय भीम!