भिशीचे पैसे आणि लोअर सर्किट

शाळेला उन्हाळी सुट्टी लागली आणि मी चार दिवस मिरजेला बहिणीकडे गेले. पहिल्याच सकाळी नाश्ता आटोपून भाच्याने सव्वानऊला आपल्या खोलीचे दार आतून लावून घेतले. "आता साडेतीनपर्यंत त्याला हाक मारायची नाही," बहीण म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमान होता, थोडी धास्तीही होती. मुलगा डिप्लोमा झालेला, चोवीस वर्षांचा. संध्याकाळी एका मोबाईलच्या दुकानात बसतो आणि दिवसा शेअर घेतो-विकतो. सकाळी घेतलेला शेअर शक्यतो त्याच दिवशी विकायचा, म्हणजे रात्री डोक्याला ताप नको, हा त्याचा हिशेब.

साधारण अकराच्या सुमारास दार उघडले. पोराचा चेहरा पांढराफटक. "खाला, विकला जात नाही," एवढेच म्हणाला.

(आमचे बोलणे घरच्या दख्खनीत झाले, इथे मराठीत लिहिते आहे.)

मी त्याच्याजवळ बसून सगळे समजून घेतले. मला शेअर बाजाराचे फार कळते असे नाही, पण वीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यामुळे गणित कुठे चुकले ते शोधायची सवय आहे. आणि खरे सांगायचे तर पोराचे गणित चुकलेले नव्हतेच. इथेच खरी गोम आहे, म्हणून हे सविस्तर सांगते.

त्याच्याकडे साठ हजार होते. एका छोट्या कंपनीचा शेअर आदल्या दिवशी 138 ला बंद झाला होता. त्याने सकाळी 140 ला 400 शेअर घेतले, म्हणजे छप्पन हजारांचे. सोबत स्टॉपलॉस लावला: भाव 137 ला आला की 136.50 पर्यंत विकून टाक, असा हुकूम. त्याच्या वहीत लिहिले होते, "धोका 400 × 3 = 1,200 रुपये. भांडवलाच्या 2 टक्के." जोखीम सांभाळा, स्टॉपलॉसशिवाय सौदा करू नका, हे सगळे सांगतात, आणि त्याने ते पाळले होते. बेफिकीर मुलगा नाही तो.

मग झाले काय? कुणीतरी मोठा गठ्ठा विकायला काढला. भाव 137 ला शिवला आणि हुकूम जागा झाला, पण तेवढ्यात घेणारे 134 वर जाऊन बसले होते. याचा माल 136.50 ला विकायला टांगलेला आणि तिथे गिऱ्हाईकच नाही. काही मिनिटांत भाव 124.20 वर आला आणि तिथे गोठला. यालाच लोअर सर्किट म्हणतात. एक्स्चेंजने शेअरगणिक रोजच्या चढउताराची मर्यादा ठरवलेली असते, कुणाला 2 टक्के, कुणाला 5, 10 किंवा 20. याच्या शेअरला 10 होती. पडद्यावर विकणाऱ्यांच्या रकान्यात लाखावर शेअर आणि घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य.

दुल्हाभाई आतापर्यंत गप्प ऐकत होते. त्यांचा आणि शेअरचा काही संबंध नाही, पण समजले ते त्यांना सगळ्यांत आधी. म्हणाले, "हे तर ईदच्या आदल्या रात्रीच्या बकऱ्यासारखं झालं." काही वर्षांपूर्वी त्यांनी बकरी ईदच्या आधी विकायला म्हणून चार बकरे घेतले होते. पोऱ्याला बजावून ठेवले होते की चौदा हजारांच्या खाली द्यायचा नाही. चार दिवस भाव बरा होता. शेवटच्या संध्याकाळी एकदम माल वाढला, गिऱ्हाईक ओसरले. पोऱ्या आपला चौदा-चौदा म्हणत उभा, शेजारी बारा, मग दहा. रात्री दोन बकरे परत घरी आले. किंमत ठरवणे आपल्या हातात असते, घेणारा आणणे नसते.

स्टॉपलॉसचे हेच आहे. तो घेणाऱ्याची हमी देत नाही, फक्त रांगेत उभे करतो. 136.50 ची अट न घालता "मिळेल त्या भावाला विक" असा हुकूम दिला असता तर बहुधा 134 ला किंवा त्याहून खाली माल गेला असता. बाराशेऐवजी अडीच-तीन हजार गेले असते, पण सुटला असता. मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, कारण तिथे प्रत्येक पाच-दहा पैशांवर कुणी ना कुणी घेणारा उभा असतो. बाजारमूल्याने लावलेल्या यादीत पहिल्या शंभर मोठ्या, 101 ते 250 मधल्या आणि 251 पासून पुढच्या सगळ्या स्मॉलकॅप, अशी वर्गवारी आहे. म्हणजे स्मॉलकॅप या एका शब्दात बऱ्यापैकी नावाजलेल्या कंपन्याही आल्या आणि दिवसभरात मोजकेच सौदे होणाऱ्याही आल्या. भाच्याचा शेअर दुसऱ्या जातीचा होता.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच पुन्हा दहा टक्के खाली, 112 च्या आसपास. तिसऱ्या दिवशी 101 ला कसाबसा विकला गेला. एकूण नुकसान 15,600. वहीत लिहिलेल्या बाराशेच्या तेरापट. राहिलेल्या 44,400 चे पुन्हा साठ हजार करायचे तर 35 टक्के नफा हवा, हे मी त्याला कागदावर मांडून दाखवले, तेव्हा तो बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला.

एक पैलू त्याच्या नशिबाने टळला. तो स्वतःच्या पूर्ण पैशांत घेत होता. दिवसाच्या दिवस सौद्यासाठी ब्रोकर जास्तीत जास्त पाचपट माल घेऊ देतात. बारा हजारांत साठ हजारांचा माल. अशा माणसाचा शेअर लोअर सर्किटला अडकला तर दुपारी ब्रोकरलाही तो विकता येत नाही. माल खात्यावर येतो, पूर्ण पैसे भरावे लागतात, आणि तोवर झालेला तोटा मूळ बारा हजारांच्या वर गेला तर वरून देणे लागते. बहुतेक ब्रोकर अगदी अरुंद सर्किटच्या शेअरवर ही सोय देत नाहीत. बरेच आहे म्हणायचे.

आता साठ हजारांकडे येते. मी विचारले, हे आले कुठून? बहीण स्वयंपाकघरात गेली. मग कळले. तिची मोहल्ल्यात बारा जणींची भिशी आहे, महिना पाच हजार. चौथ्या महिन्यात तिचा नंबर लागला. साठ हजार हातात आले, पण आठ हप्ते म्हणजे चाळीस हजार अजून भरायचे आहेत. तिने चारच हप्ते भरलेले, म्हणजे त्यातले वीस हजार तिचे, बाकीचे अकरा बायकांचे. वहीत मात्र "भांडवल 60,000" असे लिहिलेले! दोन टक्के, एक टक्का, हे नियम ज्या आकड्यावर लावायचे तो आकडाच खोटा असेल तर नियम काय करणार? स्टॉपलॉसच्या चुकीपेक्षा ही मला मोठी वाटली, आणि ही चूक पोराची एकट्याची नव्हती. पैसे देताना बहिणीने, आणि ते कुठून आले हे माहीत असून दुल्हाभाईंनी, कुणीच काही विचारले नव्हते.

दुसरे म्हणजे डीमॅट खाते बहिणीच्या नावावर. आयपीओला घरातल्या प्रत्येकाच्या नावाने अर्ज करता यावा म्हणून उघडलेले. मोबाईल नंबर मुलाचा, त्यामुळे मेसेज त्यालाच जातात. वाचक भगिनींनो, तुमच्याही नावावर असे एखादे खाते असेल. त्यावर होणाऱ्या प्रत्येक सौद्याला कायद्याने तुम्हीच जबाबदार आहात. दिवसाच्या दिवस केलेल्या सौद्याचे उत्पन्न आयकरात सट्ट्याचा व्यवसाय म्हणून धरले जाते. त्यातला तोटा पगारातून किंवा दुकानाच्या नफ्यातून वजा होत नाही, तशाच सौद्यांच्या नफ्यातून होतो, तोही पुढची चार वर्षेच. विवरणपत्र तुमच्या पॅनवर भरायचे असते. बहिणीला यातले काही ठाऊक नव्हते.

घरात हे चालू असेल तर एक आकडेवारी माहीत असू द्या. सेबीने जुलै 2024 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. 2022-23 या वर्षात रोखीच्या बाजारात दिवसाच्या दिवस सौदे करणाऱ्या दर दहा व्यक्तींपैकी सात जण तोट्यात होते. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण 76 टक्के. वर्षात पाचशेच्या वर सौदे करणाऱ्यांत 80 टक्के, म्हणजे जास्त सरावाने हात बसत नाही, उलट होते. आणि असे सौदे करणाऱ्यांमध्ये तिशीच्या आतल्यांचा वाटा चार वर्षांत 18 वरून 48 टक्क्यांवर गेला. आपल्या मोहल्ल्यातली बंद दारे यातच आली.

मजहबी बाजू विचारली जाईल, म्हणून थोडक्यात. 1992 च्या मे महिन्यात जेद्दा येथे आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीची बैठक झाली. तिने हलाल धंद्याच्या कंपनीचे शेअर घेणे जायज ठरवले, पण ब्रोकरकडून व्याजी कर्ज घेऊन शेअर घेणे आणि आपल्या मालकीचा नसलेला शेअर विकणे, दोन्ही नाजायज ठरवले. पहिल्याची आठवण मार्जिनवर व्याज मोजणाऱ्यांनी ठेवावी. दुसऱ्याचा, म्हणजे आधी विकून मग घेण्याचा, व्यवहारातला धोका बाजारही दाखवतो: तुम्ही हातात नसलेला शेअर विकला आणि तो अप्पर सर्किटला गेला, तर परत घ्यायला विकणाराच मिळत नाही. मग एक्स्चेंज लिलावातून तो माल आणते आणि फरक तुमच्याकडून वसूल होतो. आता राहिला सकाळी घेऊन दुपारी विकण्याचा प्रश्न. जानेवारी 2023 च्या अखेरीपासून सगळे शेअर दुसऱ्या दिवशी खात्यावर जमा होतात. तोवर कब्जा झाला की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारा, पण विचारताना "शेअर जायज का?" एवढेच विचारू नका, व्यवहार नेमका कसा होतो ते सांगा.

भाच्याचे म्हणणे होते की तो हे सोडणार नाही. मी सोड म्हणालेही नाही. या वयात सांगून कुणी काही सोडत नाही. मी म्हटले, चल, हिशेब नव्याने मांडू. धोका स्टॉपलॉसपासून नको धरू, सर्किटपासून धर. साठ हजार खरेच तुझे आहेत असे घटकाभर मानू, आणि एका सौद्यात एक टक्का, सहाशे रुपये, जाऊ द्यायची तयारी आहे. 140 चा शेअर त्या दिवशी 124 पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे शेअरमागे सोळा रुपये. सहाशे भागिले सोळा, सदतीस शेअर. पाच हजार एकशे ऐंशी रुपयांचा माल. दुसऱ्या दिवशीही सर्किट लागले तर हेही पुरणार नाही, पण निदान घर हलणार नाही.

मग पडद्यावर तोच शेअर उघडायला लावला. घेणारा 100.20 ला, विकणारा 101.10 ला. म्हणजे आत्ता घेऊन लगेच विकले तरी शेअरमागे नव्वद पैसे गेले, जवळजवळ एक टक्का, ब्रोकर आणि सरकारचे वेगळेच. खाली पाच घेणाऱ्यांच्या ओळी दिसतात. त्या पाचही जणांची मागणी मिळून तुझ्या सगळ्या मालाएवढी होत नसेल तर तो माल घ्यायचाच नाही, असे ठरले. त्या ओळी खोट्याही असतात, क्षणात गायब होतात, हे त्याने स्वतःच सांगितले. एक्स्चेंजच्या साईटवर शेअरचे सर्किट किती, तो निगराणीच्या यादीत आहे का, हेही आधी बघायचे.

हा शेअर सुचवला कुणी? मोबाईलवरच्या एका ग्रुपने. मी काही बोलले नाही, फक्त साधना ब्रॉडकास्ट या कंपनीबद्दल शोधून वाच म्हणाले. 2022 मध्ये यूट्यूबवर तिच्याविषयी खोट्या बातम्यांचे व्हिडिओ फिरवले गेले. लोक घ्यायला धावले तेव्हा आतले लोक विकून बाहेर पडले. सेबीने मार्च 2023 मध्ये त्यावर आदेश काढला. एवढ्या लहान शेअरचा भाव हलवायला फार मोठी रक्कम लागत नाही, आणि ग्रुपमध्ये सल्ला देणारा सेबीकडे नोंदलेला आहे का, हे सेबीच्या साईटवर नोंदणी क्रमांक टाकून पाहता येते. त्या ग्रुपवाल्याने क्रमांक दिलाच नाही, भाच्याला ग्रुपमधून काढून टाकले.

मी निघायच्या आदल्या रात्री पोरगा सदतीस शेअरचा हिशेब पुन्हा करत बसला होता. "खाला, चांगला दिवस गेला, दोन टक्के मिळाले, तर शंभर रुपये. खर्च जाऊन त्याहून कमी. त्यासाठी सहा तास दार लावून बसायचं?"

मी म्हटले, "आकडा तुझा आहे, तूच सांग."

त्याने काही सांगितले नाही. सकाळी मात्र बहिणीच्या खात्यावर तिचा स्वतःचा मोबाईल नंबर घालण्याचा अर्ज त्यानेच भरून दिला. उरलेल्या चव्वेचाळीस हजारांतून चाळीस हजार बहिणीने पोस्टात ठेवले, भिशीचे आठ हप्ते तिथून जातील. चार हजार चारशे त्याच्याकडे राहिले. दुकानाच्या पगारातून तो दर महिन्याला अम्मीच्या हातात दोन हजार देतो, असे मागच्या आठवड्यात बहीण फोनवर म्हणाली. सव्वानऊला दार अजून लावतो का, हे मी विचारले. म्हणाली, "लावतो, पण आता आतून कडी घालत नाही."