गेम खेळा, पण दार उघडं ठेवून!

हॉस्टेलमध्ये ‘चांगला गेम सांग’ म्हटलं, की गाडी काउंटर-स्ट्राइकवर येऊन थांबते. माझं मत जरा वेगळं आहे.

एकट्याने खेळायचं तर ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६). एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार वर्षांहून जास्त खपून बनवलेला गेम. निवांत शेती करायची, सबमिशननंतर औषधच!

डोकं चालवायचं तर ‘पोर्टल’ (२००७). भिंतीवर दोन दारं उघडायची. एकातून शिरलं की दुसऱ्यातून बाहेर. वेग तेवढाच राहतो, दिशा बदलते. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स मला तिथे पटलं.

पण माझं खरं मत ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ला (२०१५). बॉम्ब फक्त एकालाच दिसतो. तो निकामी कसा करायचा, हे मॅन्युअल दुसऱ्याच्या हातात. दिवाळीत मी ते छापून बाबांना दिलं. एरवी आमचं बोलणं ‘के.टी. किती?’ इथेच संपतं. त्या पाच मिनिटांत ते ‘लाल वायर कितवी?’ विचारत होते आणि मी नीट उत्तरं देत होतो. बॉम्ब फुटला. बाबा चष्मा पुसत म्हणाले, ‘परत लाव.’

मित्रांनो, सुट्टीत घरी जाऊन हेडफोन चढवण्याआधी एकदा तेवढी पानं छापून न्या.