जुनी नाव आणि न दिसणारें काम

जुनी वस्तु दुरुस्त करून वापरावी, हा आपल्या घरांतील फार जुना संस्कार आहे. आजोबांच्या खुर्चीला नवा वेत मिळतो, आजीच्या पातेल्याला नवी कल्हई मिळते, आणि वस्तूंचा संसार पुढें चालूं राहतो. विलायतेंत वास्तव्य करणाऱ्या एका वाचक दांपत्यानें हाच संस्कार मनांत धरून आम्हांस विचारिलें आहे कीं, शेजाऱ्याच्या बागेंत कित्येक वर्षें पालथी पडलेली शिडाची एक लहान नाव नाममात्र किंमतींत मिळत आहे; ती घ्यावी कीं न घ्यावी, आणि घेतल्यास घरच्या घरीं ती नीट कशी करावी? ज्यांच्या पणजोबांच्या काळीं समुद्र ओलांडल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं यावर वाद झडत, त्यांच्या घरीं आज शिडाच्या कापडाची चर्चा चालावी, हें आम्हांस मोठें गमतीचें आणि तितकेंच आनंदाचें वाटतें.

परंतु आनंदाच्या भरांत एक भेद विसरतां कामा नये. खुर्चीची दुरुस्ती फसली तर बसणारा जमिनीवर येतो. नावेची फसली तर तो पाण्यांत जातो, आणि बहुधा एकटा जात नाहीं, मुलांसह जातो. म्हणून या प्रश्नाचें उत्तर हौसेच्या अंगानें न देतां, प्रथम जबाबदारीच्या अंगानें देणें आम्हांस प्राप्त आहे.

पत्रांतील वर्णनावरून ही नाव ‘मिरर’ जातीची दिसते. या जातीचा इतिहास गृहस्थाश्रमी माणसास आवडेल असाच आहे. १९६३ सालीं लंडनच्या ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रानें ती लोकांपुढें आणली. जॅक होल्ट हे नामांकित नौकारचनाकार आणि दूरचित्रवाणीवरून घरगुती सुतारकाम शिकविणारे बॅरी बक्नेल, या दोघांनीं ती सिद्ध केली. प्लायवुडच्या कापलेल्या फळ्या तांब्याच्या तारेनें एकमेकींस टांचावयाच्या, आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेनें चिकटवावयाची; शिवणकाम जाणणाऱ्या गृहिणीस ही रीत सुतारापेक्षां लौकर समजावी! साहित्याच्या पहिल्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग होती. लांबी १० फूट १० इंच, नुसत्या सांगाड्याचें वजन सुमारें ४५ किलो, नाळ टोंकदार नसून बोथट, आणि शिडें तांबडीं. डोलकाठी आंखूड असून वरची काठी शिडासह वर चढते. ती उतरली म्हणजे सर्व काठ्या नावेच्या पोटांत मावतात, व नाव मोटारीच्या टपावरून नेतां येते. अशा सुमारें ७०,००० नावा आजवर झाल्या. त्यांतील पुष्कळशा लोकांनीं आपापल्या घरीं बांधल्या. ए. जे. मॅकिनन यांनीं तर अशाच एका नावेंतून इंग्लंडच्या श्रॉपशायर प्रांतापासून काळ्या समुद्रापर्यंत मजल मारली. त्यांचें प्रवासवर्णन २००२ सालीं प्रसिद्ध झालें आहे.

ही नाव घरीं बांधतां येते, हाच तिचा मोठा गुण. आणि ती घरीं बांधलेली असते, हीच विकत घेणाराची मोठी अडचण. बांधणारानें राळ मोजून घातली होती कीं अदमासानें, हें चकचकीत रोगणाखालून दिसत नाहीं. यासाठीं किंमत ठरविण्यापूर्वीं पुढील परीक्षा अवश्य कराव्या.

पहिली परीक्षा वजनाची. दोघां प्रौढांस नाव सहज उचलतां आली पाहिजे. ती उचलत नसेल, तर लांकडानें पाणी प्यालें आहे, किंवा मागील मालकानें दोष झांकण्यासाठीं थरावर थर चढविले आहेत, असें समजावें. दुसरी परीक्षा टोच्याची व कानाची. मागच्या उभ्या फळीचा तळ, डोलकाठी टेकते ती जागा, तळांतून खालीं सोडावयाच्या फळीची पेटी, आणि हवाबंद कप्प्यांचे खालचे कोपरे येथें पाणी सांठतें. अशा ठिकाणीं बोटानें ठोकून पाहावें. निरोगी लांकूड खणखणीत बोलतें, कुजलेलें बद्द बोलतें. संशय आल्यास मालकाच्या परवानगीनें टोचा टेकवावा. तो लोण्यांत शिरावा तसा शिरला, तर तेथील फळी संपली. तिसरी परीक्षा सांध्यांची. पूर्वीच्या राळेची लांकडावरील पकड कालांतरानें सुटते आणि पट्टी कडेनें उचलली जाते. पट्टी सुटली एवढ्यानें नाव टाकाऊ होत नाहीं, पण कामाचे महिने वाढतात.

आतां मुख्य गोष्ट. या नावेचा प्राण तिच्या हवाबंद कप्प्यांत आहे. नाव उलटली, तिच्यांत पाणी भरलें, तरी याच कप्प्यांच्या बळावर ती तरंगत राहते, व माणसांस धरावयास आधार मिळतो. कप्पा तपासण्याची रीत सोपी आहे. झांकणें घट्ट लावावीं, सांध्यांवर साबणाचें पाणी फिरवावें, आणि एका नळीवाटें कप्प्यांत हलकेंच तोंडानें हवा फुंकावी. बुडबुडे जेथें उठतील, तेथें खूण करावी. पंप मात्र कदापि लावूं नये. पातळ फळ्या त्या दाबानें उकलतात.

दुरुस्तीचा क्रम पुष्कळ लोक उलटा धरतात. नाव घरीं आली कीं रंगाचा डबा आणतात. ओल्या लांकडावर रंग म्हणजे ओल्या जखमेवर पट्टी. आंत कुजणें चालूच राहतें. प्रथम सर्व झांकणें उघडून नाव छपराखालीं, वारा खेळेल अशी, कित्येक आठवडे सुकूं द्यावी. नंतर कुजका भाग निरोगी लांकूड लागेपर्यंत निर्दयपणें कापावा. नवा तुकडा समुद्रोपयोगी प्लायवुडचाच असावा. ‘बीएस १०८८’ ही त्याची मान्य खूण आहे. सांधा सरळ न ठेवतां, फळीच्या जाडीच्या सुमारें आठपट लांबीचा उतार दोन्ही कडांस देऊन जोडावा. चिकटविण्यासाठीं इपॉक्सी वापरावें, आणि त्याचें प्रमाण डोळ्यानें नव्हे, मापानें घ्यावें. थंडींत तें नीट घट्ट होत नाहीं. म्हणून हिंवाळ्यांत सुकविणें व खरडणें, आणि उन्हाळ्यांत चिकटविणें, अशी वांटणी करावी. इपॉक्सीचा थर उन्हानें खराब होतो, यासाठीं त्यावर रंग किंवा ऊन सोसणारें रोगण अवश्य द्यावें.

आमच्या कोंकणांतील कोळी बांधवांस हा क्रम कोणी पुस्तकांतून शिकविला नाहीं. पावसाळा लागला कीं ते होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात, डागडुजी करतात, आणि नारळी पौर्णिमेस नारळ अर्पण करून मगच पाण्यांत लोटतात. काम पुरें झाल्याखेरीज मुहूर्त नाहीं, हें त्या सणांतील व्यवहारज्ञान आहे. विलायतेंतील हिंवाळा हा तेथील नावांचा पावसाळाच समजावा.

घरांत हें काम चालतें तेव्हां घरच्या माणसांची काळजी प्रथम घ्यावी. जुन्या रंगांत शिसें असूं शकतें. त्याची धूळ लहान मुलांस व गर्भवती स्त्रियांस विशेष अपायकारक आहे. म्हणून तो कोरडा घांसूं नये, आणि कामाचे कपडे स्वयंपाकघरांत आणूं नयेत. इपॉक्सी वारंवार त्वचेला लागलें तर कायमची ॲलर्जी जडते. हातमोजे घालावे, तरीही हात माखले तर साबणानें धुवावे, थिनरनें नव्हे, कारण थिनर तें विष त्वचेंत अधिक खोल नेतें.

खर्चाविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. नावेची किंमत हा खर्चाचा लहानांत लहान भाग असतो. प्लायवुड, इपॉक्सी, दोर, तारा, कदाचित् नवें शीड, आणि प्रत्येक माणसास अंगाबरोबर बसणारें तरंगजाकीट, यांची बेरीज आधीं कागदावर मांडावी. शीड उन्हानें जिरलें आहे काय, हें कडेला नखानें ओढून पाहावें. कापड फाटूं लागलें तर तें शोभेपुरतेंच राहिलें. पोलादी तारेचा एकहि धागा तुटला असेल, तर ती तार बदलावी. बेरीज चालू स्थितींतील दुसऱ्या जुन्या नावेहून अधिक होत असेल, तर नमस्कार करून परत यावें. त्यांत नामुष्की नाहीं. अर्धवट सोडलेली नाव मात्र घरांत रोज डोळ्यांपुढें राहते व नवराबायकोंच्या बोलण्यांत नको तेव्हां येते!

हिशेब जुळला, तर नाव जरूर घ्यावी. आईबाप एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यासाठीं चार रविवार खर्च करीत आहेत, हें मुलांस प्रत्यक्ष पाहावयास मिळेल. असा धडा पाठ्यपुस्तकांत सांपडत नाहीं. काम संपल्यावर पहिल्या दिवशीं वारा शोधूं नये. कंबरेइतक्या शांत पाण्यांत, जाकिटें घालून, मोठ्यांनीं नाव मुद्दाम उलटवावी, काही वेळ तशीच ठेवावी, पुन्हां सुलटी करावी, आणि कप्पे उघडून पाहावे. ते कोरडे निघाले म्हणजे मुलांस आंत घ्यावें.

रंग कोणता द्यावा, याबद्दल आम्हीं कांहींच लिहिलें नाहीं. तो मुलांनीं ठरवावा.