तीआ म्हणजे आत्या की काकू?

कोणतीही परकी भाषा शिकू लागले, की पहिल्या काही धड्यांतच नात्यांचे शब्द भेटतात. सुमारे वीस देशांची राजभाषा असलेली स्पॅनिशही याला अपवाद नाही. आपल्यापैकी कुणाची लेक शिक्षणासाठी माद्रिदला असेल, कुणाचा जावई नोकरीनिमित्त मेक्सिकोत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याकडे जाऊन राहणाऱ्या आईवडिलांसाठी हे शब्द केवळ शिष्टाचाराचे नाहीत; ते आरोग्याच्याही उपयोगाचे आहेत.

प्रारंभ सोपा आहे. पाद्रे म्हणजे वडील, माद्रे म्हणजे आई. पोर्तुगिजांमुळे आपल्याकडे रुळलेला ‘पाद्री’ हा या पाद्रेचाच भाऊबंद. एर्मानो भाऊ, एर्माना बहीण. इखो मुलगा, इखा मुलगी. अब्वेलो आजोबा, अब्वेला आजी. शेवटी ‘ओ’ आला की पुरुष, ‘आ’ आला की स्त्री. येर्नो आणि न्वेरा, म्हणजे जावई आणि सून, हे मात्र जोडीने न बसणारे शब्द वेगळे पाठ करावेत. अनेकवचनात पुल्लिंगी रूप दोघांनाही सामावून घेते: पाद्रेस म्हणजे आईवडील आणि एर्मानोस म्हणजे भावंडे.

खरी अडचण पुढे येते. आपण काका, मामा असा भेद करतो. स्पॅनिशमध्ये दोघेही तीओ. मावशी, आत्या, काकू आणि मामी या चौघींना एकच शब्द, तीआ. पुतण्या आणि भाचा दोघेही सोब्रीनो. उलट व्याही आणि साडू या नात्यांना इंग्रजीत सुटसुटीत शब्द सापडत नाही. स्पॅनिशमध्ये मात्र ते कोन्स्वेग्रो आणि कोन्कुन्यादो म्हणून दिमाखात उभे असतात.

आता रुग्णालयातील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर ‘आन्तेसेदेन्तेस फामिलियारेस’, म्हणजे कुटुंबातील आजारांचा पूर्वेतिहास, विचारतात. तुम्ही सांगता, तीआला स्तनाचा कर्करोग झाला होता. ती तीआ आत्या किंवा मावशी असेल, तर ही माहिती तुमच्या तपासण्या ठरवताना मोलाची आहे. ती काकू किंवा मामी असेल, तर सहसा तिच्याशी तुमचे रक्ताचे नातेच नाही. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुकीय दोष वडिलांकडूनही येऊ शकतो, म्हणून आत्याचा उल्लेख टाळून चालत नाही. अशा वेळी तीआला एक विशेषण जोडावे. तीआ पातेर्ना म्हणजे वडिलांकडची, तीआ मातेर्ना म्हणजे आईकडची आणि तीआ पोलीतिका म्हणजे लग्नामुळे नात्यात आलेली. मराठीने एका शब्दात जे सांगितले असते, ते येथे दोन शब्दांत सांगावे लागते, इतकेच.

म्हणून हे शब्द पुस्तकातील यादीवरून पाठ करण्याऐवजी घरच्या माणसांवरून शिकावेत. एका मोठ्या कागदावर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढा. प्रत्येक नावाखाली मराठी नाते, स्पॅनिश शब्द, मधुमेह, हृदयविकार, रक्तदाब किंवा कर्करोग यांसारखा मोठा आजार आणि तो कोणत्या वयात उद्भवला, हे लिहा. वयाची नोंद विसरू नका. पंचेचाळिसाव्या वर्षी आलेला हृदयविकाराचा झटका आणि ऐंशीव्या वर्षी आलेला झटका यांचा अर्थ डॉक्टरांच्या लेखी सारखा नसतो. लग्नाने जोडली गेलेली माणसे वेगळ्या रंगाच्या शाईने दाखवा. या कामी आजी-आजोबांना सोबत घ्या, कारण जुन्या आजारांच्या आठवणी बहुधा त्यांच्याजवळच असतात.

पाठांतराचीही एक रीत आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये विस्मरणाविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी अधिक टिकते, हे त्यांनी दाखवले आणि पुढील संशोधनाने त्याला पुष्टी दिली. तेव्हा आज दहा शब्द, परवा तेच दहा आणि आठवड्याने पुन्हा तेच. दर वेळी स्पॅनिश शब्द तळहाताने झाका, आधी स्वतः आठवा, मोठ्याने उच्चारा आणि मगच हात काढा.

कागद पूर्ण झाला, की त्याची एक प्रत परदेशी राहणाऱ्याकडे पाठवा आणि दुसरी घरच्या वैद्यकीय कागदपत्रांसोबत ठेवा. दर दिवाळीला, सगळे जमले असताना, त्यात नव्या नोंदी कराव्यात.