पाहुणे आपणच!

ऑफिसचा एसी जरा जास्त झाला की आपण जॅकेट शोधतो. अंटार्क्टिकातल्या ‘मैत्री’ या आपल्या संशोधन केंद्रात तर १९८९पासून माणसं राहताहेत. हिवाळ्यात तिथे सुमारे दोन महिने सूर्यच उगवत नाही. उन्हाळ्यात घरटी करायला स्कुआ पक्षी येतात. एकदम दादा माणसं! घरट्याजवळ गेलात की थेट डोक्यावर झेप. तरी त्यांना त्रास द्यायचा नाही. २०२२च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने तशी बंदीच आहे. सिंपल हिशोब : घर त्यांचं, पाहुणे आपण.

हा हिशोब बुलढाण्यातही चालेल की! २०१९मध्ये टिपेश्वरचा वाघ शेकडो किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. बुलढाणा-खामगाव रस्ता त्याच जंगलातून जातो. वीकेंडला तिथून जाताना हॉर्न आणि गाणी बंद ठेवा. यजमान घरीच असतील कदाचित.