पाळीची वीज की सलग वीज?

दर दिवाळीला या सदरात आपण विज्ञानातली एखादी गोष्ट घरच्या भाषेत समजून घेतो. यंदाचा विषय जरा तापलेला आहे, तोही थेट पाच कोटी अंशांपर्यंत. विषय आहे अणुसंलयन, म्हणजेच फ्यूजन.

सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ एकमेकांत मिसळतात आणि त्यातून ऊर्जा निघते, हे शाळेत सगळ्यांनीच वाचलेलं असतं. मी मराठीची एम.ए., शाळेतही मराठीच शिकवायचे. त्यामुळे या विषयात मला खरी गोडी लागली ती पुस्तकामुळे नाही, अप्पांच्या एका प्रश्नामुळे.

अप्पा म्हणजे माझे सासरे. बार्शी तालुक्यात त्यांची शेती आहे. पेरणीआधी परत सोडायचं, या अटीवर ते मे अखेरीस इथे आले होते. जुरोंग ईस्टच्या सायन्स सेंटरमधून परत येताना नातू त्यांना रंगवून सांगत होता, की पृथ्वीवर छोटा सूर्य पेटवून वीज करणार आहेत. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळा, ती वीज पाळीची का सलग?"

जुरोंगमध्ये वाढलेल्या मुलाला पाळीची वीज काय ठाऊक! गावाकडे शेतीपंपाला थ्री फेज वीज पाळीने येते. रात्रीची पाळी आली की अप्पा बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जातात. अंधारात बारी धरायची, पायाखाली साप-विंचवाची भीती. वीज आहे की नाही, यापेक्षा ती कधी आणि किती वेळ आहे, हा त्यांचा रोजचा प्रश्न.

गंमत म्हणजे संलयनाच्या शास्त्रज्ञांनाही नेमका हाच प्रश्न सतावतो आहे.

संलयनाचं सर्वांत अभ्यासलेलं यंत्र म्हणजे टोकामाक. आकाराने मेदूवड्यासारखं, मधे भोक असलेलं पोकळ कडं. त्यात अतितप्त वायू, म्हणजे प्लाझ्मा, चुंबकांच्या जोरावर भिंतींपासून दूर अधांतरी धरतात. पण नुसते बाहेरचे चुंबक पुरत नाहीत. प्लाझ्मामधूनही विजेचा प्रवाह कड्याभोवती फिरवावा लागतो. त्यामुळे चुंबकीय रेषांना पीळ बसतो आणि प्लाझ्मा जागेवर राहतो. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या 'इटर' या यंत्रात हा प्रवाह दीड कोटी अँपिअर असणार आहे.

हा प्रवाह सुरू करायची नेहमीची रीत ट्रान्सफॉर्मरची. कड्याच्या मधोमध उभ्या असलेल्या वेटोळ्यातला प्रवाह बदलत नेला की प्लाझ्मात प्रवाह उठतो. पण वेटोळ्यातला प्रवाह एकाच दिशेने किती वेळ बदलत नेणार? सायकलच्या पंपाचा दट्ट्या तळाला टेकला की हवा थांबते, तसंच इथे. इटरमध्येही या पद्धतीने एका वेळी साधारण ४०० सेकंद संलयन चालवायचं ठरलं आहे. म्हणजे पुन्हा पाळीचीच वीज!

यावरचा उपाय म्हणजे रेडिओ तरंग. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनचे नॅथॅनिएल फिश यांनी तो गणिताने मांडला. आपला मायक्रोवेव्ह सेकंदाला २४५ कोटी कंपनांवर चालतो. इथे वापरले जाणारे तरंग बऱ्याचदा ३७० कोटी कंपनांचे असतात. शाळेच्या कवायतीत ओळीतली मुलं एकामागून एक हात वर करतात, तेव्हा लाट एका बाजूला धावल्यासारखी दिसते. तसेच शेजारी-शेजारी लावलेल्या नळ्यांमधून क्षणाक्षणाच्या फरकाने तरंग सोडले की ते कड्याभोवती एकाच दिशेला पळतात.

आता इलेक्ट्रॉनचं काय होतं? सुटलेली एसटी पकडायची तर तिच्याइतकंच धावावं लागतं. मग दांडी हाताला लागते आणि एसटी आपल्याला ओढून नेते. जे इलेक्ट्रॉन जवळजवळ तरंगाच्या वेगाने पळत असतात, त्यांनाच तरंग पुढे रेटतो. वेगवान इलेक्ट्रॉनच्या टकरा कमी होतात, म्हणून हा रेटा टिकतो. इलेक्ट्रॉन एका दिशेला धावले, की तोच विजेचा प्रवाह. ट्रान्सफॉर्मरची गरज कमी होते आणि दट्ट्या तळाला टेकण्याचा प्रश्न मागे पडतो.

हे फक्त कागदावर राहिलं नाही. जपानमधल्या क्युशू विद्यापीठाच्या ट्रायम-१एम या छोट्या टोकामाकने २००३ मध्ये अगदी कमी प्रवाहावर, पण पाच तासांहून जास्त वेळ प्लाझ्मा टिकवला. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या 'ईस्ट'ने १०६६ सेकंद गाठले. पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या 'वेस्ट'ने १३३७ सेकंद, म्हणजे बावीस मिनिटांहून जास्त वेळ प्लाझ्मा धरून ठेवला.

आपला देशही या कामात आहे. गांधीनगरजवळच्या भाट गावी प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तिथे १९८९ मध्ये 'आदित्य' हा टोकामाक सुरू झाला. नंतरच्या 'एसएसटी-१'च्या तर नावातच 'स्टेडी स्टेट' आहे, म्हणजे सलग चालण्याचं ध्येय! त्याच्यासाठीही ३७० कोटी कंपनांची तरंगयंत्रणा बनवली गेली. इटरचं अवाढव्य बाहेरचं कवच भारताने सुरतजवळच्या हजिरा इथे बनवलं आणि इटरच्या काही रेडिओ-तरंग यंत्रणेची जबाबदारीही भारताकडे आहे.

मात्र अडचणी लहान नाहीत. तरंग तयार करायलाच भरपूर वीज लागते, आणि प्लाझ्मा दाट झाला की तरंग आतपर्यंत पोचणं अवघड होतं. प्लाझ्मा काही प्रवाह स्वतःहूनही निर्माण करतो. तो वाढवून तरंगांवरचा भार हलका करायचा, यावर बरंच काम चालू आहे. संलयनाची वीज अजून जगात कुणाच्याही घरी आलेली नाही. होमी भाभांनी १९५५ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत वीस वर्षांत मार्ग सापडेल असं भाकीत केलं होतं. त्याला आता सत्तर वर्षं झाली.

सिंगापूरची सुमारे ९५ टक्के वीज आजही नैसर्गिक वायूवर होते आणि सौरपट्ट्या पसरायला इथे जागा नाही. इथल्या नानयांग विद्यापीठानेही संलयनासाठी फ्रेंच संस्थांशी हात मिळवला आहे. म्हणजे हा प्रश्न बार्शीचा आहे, तसा जुरोंगचाही आहे.

तेव्हा मंडळी, 'कृत्रिम सूर्याचा विक्रम' अशी बातमी पुन्हा वाचाल, तेव्हा नुसतं तापमान पाहून थक्क होऊ नका. प्लाझ्मा किती सेकंद टिकला आणि त्यातला प्रवाह कशाने चालवला, तेवढं बघा. आणि मुलांनी विचारलं तर त्यांना पाळीची वीज म्हणजे काय, हेही सांगा. आजोबांच्या रात्री त्यांना ठाऊक असायला हव्यात.

सर्वांना शुभ दीपावली!