धातू गेला, चिखल कुणाच्या दारात?



11 आणि 13 मे 1998 ला पोखरणला अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या. नाशकात गंगापूर रोडला फटाके वाजले, पेढे वाटले गेले. तिथं खोली करून शिकणारी आपली काही पोरं त्या दिवशी तिथंच होती. त्यांनीही पेढा खाल्ला, त्यात वावगं काही नाही. पण गावी आल्यावर त्यांच्यातल्याच एकाने बैठकीत विचारलं, बॉम्बचा हा धातू येतो कुठून? त्याच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात युरेनियम आहे, प्लुटोनियम आहे. कुणाच्या जमिनीखालून काढतात ते पुस्तकात नाही. आवणीच्या दिवसांत हा विषय कशापायी, असं काही जण म्हणतील. वाचून बघा, उत्तर आदिवासीच्या जमिनीवरच येऊन थांबतं.

1998 साली आपल्या देशात युरेनियमच्या चालू खाणी फक्त तेव्हाच्या बिहारच्या सिंहभूम भागात होत्या. जादूगोडा, भाटिन आणि नरवापहाड अशी त्यांची नावं. राहणारे लोक संथाळ आणि हो. 1967 साली युरेनियम कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी निघाली, तेव्हापासून तिथं डोंगर पोखरणं चालू आहे.

आता हे काम कसं चालतं ते समजून घेऊ. आपल्या बाया नागली सुपात पाखडतात तेव्हा दाणा जास्त निघतो, फोलपट थोडं. युरेनियमचं उलटं आहे. तिथला एक टन दगड फोडला तर धातू निघतो जेमतेम अर्धा किलो. म्हंजे सूपभर फोलपट आणि दाणा एखादाच. तो दाणा हाताने वेचता येत नाही, कारण तो दगडाच्या कणाकणात मुरलेला असतो. म्हणून दगडाचं पीठ करतात, त्यात गंधकाचं तेजाब घालतात, युरेनियम तेजाबात विरघळतं. मग ते गाळून, साफ करून त्याचा पिवळा साका खाली बसवतात. हा साका पिंपात भरून हैदराबादला जातो आणि तिथं अणुभट्टीचं इंधन बनतं.

उरलेला सगळा दगड गावातच राहतो. त्यातली जाडी वाळू खाणीत परत भरतात, बारीक चिखल नळाने वाहून बांध घातलेल्या तलावात सोडतात. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. युरेनियम काढून घेतलं म्हणून दगड थंड होत नाही. युरेनियमसोबत रेडियम आणि थोरियम असतं, ते चिखलातच राहतं. दगडात मुळात जेवढा किरणोत्सर्ग असतो, त्यातला शंभरातला सुमारे 85 वाटा त्या चिखलात उरतो. हे किरण डोळ्याला दिसत नाहीत, त्यांना वास नसतो. रेडियमचा जोर निम्मा व्हायला 1600 वर्षं लागतात. आपल्या गावात सोळा पिढ्यांची नावं सांगणारं तरी कुणी आहे का? इथं तर त्याच्या कितीतरी पट पिढ्या जातील. उन्हाळ्यात तलाव सुकला की त्याची धूळ उडते. ढोरं तिकडं चरायची, पोरं खेळायची.

आता दुसरं टोक बघा. अणुभट्टीत जळून निघालेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढायचा कारखाना 1964 साली मुंबईजवळ ट्रॉम्बेला उभा राहिला. 1974 च्या पोखरणच्या स्फोटातलं प्लुटोनियम तिथलंच. ही विद्या अवघड आहे आणि आपल्या देशाच्या रसायनशास्त्रज्ञांनी ती हस्तगत केली, हे आम्ही मान्य करतो. जळकं इंधन तेजाबात विरघळवायचं, त्यात रॉकेलमध्ये मिसळलेलं एक खास औषध घालून घुसळायचं. बाटलीत हळदीचं पाणी घ्या, वर थोडं तेल ओता आणि हलवा. पिवळा रंग तेलात चढतो. तसंच युरेनियम आणि प्लुटोनियम त्या रॉकेलात चढतात, बाकीचं विष खाली तेजाबात राहतं. पुढे त्या दोघांनाही एकमेकांपासून वेगळं करतात.

हे सगळं करताना माणूस भांड्याजवळ जात नाही. मध्ये काँक्रीटची जाड भिंत असते, यंत्र दुरून चालवतात. प्लुटोनियमची चिमूट हाताळायची तर काचेच्या बंद पेटीत. पेटीला रबराचे हातमोजे जोडलेले असतात, माणूस बाहेर उभा राहून त्यात हात घालतो. आतली हवा बाहेर फुटू नये म्हणून पेटीतला दाब कमी ठेवतात. कामगाराच्या छातीला बिल्ला असतो, किती किरण लागले त्याची नोंद होते. मागे राहिलेल्या विषाची काच ओतून ती स्टीलच्या डब्यात बंद करण्याचं काम आपल्या जव्हारच्या खाली, तारापूरला चालतं.

म्हंजे काळजी कशी घ्यायची हे या लोकांना चांगलंच माहीत आहे. चिमूटभर धातूला काचेची पेटी, आणि डोंगराएवढ्या चिखलाला मातीचा बांध. विद्या कमी पडली असं म्हणायला जागाच नाही. जिथं साहेब उभा आहे तिथं भिंत बांधली, जिथं संथाळ उभा आहे तिथं नाही बांधली. आमचा राग एवढ्याचसाठी आहे.

आणि तो तलाव भरला की दुसरा लागतो, त्याला जमीन लागते. जानेवारी 1996 मध्ये चाटीकोचा गावात नव्या तलावासाठी बुलडोझर आणून आदिवासींची घरं पाडली. फॉरेस्टवाल्यांनी झोपडी पाडली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तिथले लोक झारखंडी ऑर्गनायझेशन अगेन्स्ट रेडिएशन या नावाने एकत्र येऊन लढले.

अमेरिकेच्या आदिवासींचंही हेच झालं. नवाहो लोकांच्या जमिनीतून तिथल्या बॉम्बचं युरेनियम निघालं. 16 जुलै 1979 ला चर्च रॉक इथं चिखलाच्या तलावाचा बांध फुटला आणि पाणी पुएर्को नदीत गेलं. त्या नदीवर नवाहोंची मेंढरं पाणी पीत. खाणकामगारांना भरपाईचा कायदा झाला तो 1990 साली, तोवर कितीतरी कामगार फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले होते.

आपला डोंगर काळ्या पाषाणाचा आहे, त्यात युरेनियम शोधायला कुणी येईल असं आम्हाला वाटत नाही. उगाच भीती घालायची नाही. पण वैतरणेचं पाणी मुंबईला गेलं, गोदावरीचं पाणी गंगापूर धरणातून शहराला गेलं, आणि बुडाली ती गावाकडची जमीन. कामाचं ते घेऊन जायचं आणि उरलेलं आपल्या पदरात टाकायचं, ही रीत आपण ओळखतो.

कायद्याचं काय? डिसेंबर 1996 चा पंचायत विस्ताराचा कायदा म्हणतो की अनुसूचित क्षेत्रात जमीन संपादन करण्याआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करावीच लागेल. जुलै 1997 च्या समता खटल्यात सुप्रीम कोर्टाने आंध्रात खाजगी कंपन्यांना आदिवासी भागात खाणी द्यायला मनाई केली. पण सरकारी कंपनीला दार उघडं ठेवलं, आणि युरेनियम काढते ती सरकारी कंपनीच. वर 1962 च्या अणुऊर्जा कायद्याने सरकारला माहिती झाकून ठेवायचा अधिकार दिला. विचारलं तर देशाचं गुपित म्हणतात. बॉम्बचं गुपित त्यांनी ठेवावं. आमच्या विहिरीच्या पाण्यात काय आहे, आमच्या पोराच्या रक्तात काय आहे, हे कसलं गुपित? हे विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणणारे गंगापूर रोडलाही भेटले, आपल्या पोरांनी त्यांना हाच प्रश्न केला.

आवणी उरकली की प्रत्येक पाड्यावर ग्रामसभा घ्या. प्लॉटच्या दाव्यांचा विषय आहेच, त्यासोबत दोन ठराव घ्या. पहिला, कोणत्याही कामासाठी गावाची जमीन मोजायची, भोकं पाडायची किंवा खुंट्या ठोकायच्या असतील तर आधी मराठीत लेखी कळवावं, काय काढणार, काय मागे टाकणार आणि ते कुठे टाकणार हे त्यात असावं. दुसरा, जादूगोडाच्या चिखलाच्या तलावांना कुंपण घालावं आणि सरकारी कंपनीशी संबंध नसलेल्या डॉक्टरांकडून तिथल्या लोकांची तपासणी करावी, अशी मागणी पंतप्रधानांकडे करायची. बायांच्या सह्या आणि अंगठे वेगळ्या कागदावर नकोत, पुरुषांसोबत त्याच कागदावर घ्या. तीन प्रती करा. एक तलाठ्याकडे, एक तहसील कचेरीत, एक आपल्याकडे. पोच घेतल्याशिवाय प्रत सोडू नका.